बर्फाचे आजोबा भिलाईत

डिसेंबर संपत आला की छत्तीसगडच्या घराघरांतून गोरसी बाहेर निघते. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. तिच्यात निखारे घालायचे, भोवती शाली पांघरून बसायचे आणि हात शेकत गप्पा मारायच्या. दुर्ग-भिलाईकडे या दिवसांत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. तेवढ्या गारठ्याने तिथे कानटोप्या निघतात, शाळकरी मुलांच्या अंगावर स्वेटर चढतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळची आंघोळ नकोशी होते.

आता याच भिलाईत, १९५० च्या दशकाच्या अखेरीला, थेट रशियातून आलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नवरा पोलाद कारखाना उभारायला आलेला अभियंता, बायको, आणि सहा-सात वर्षांचे एक मूल. शेजारीपाजारी कुडकुडत आहेत आणि हे कुटुंब मात्र खिडक्या सताड उघड्या टाकून बसले आहे. बारा अंश म्हणजे त्यांच्याकडचा वसंत ऋतू! भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख आहे ३१ डिसेंबर. बाहेर बर्फाचा कण नाही. आणि मुलाचा प्रश्न तयार आहे : "बर्फच नाही, तर आजोबांची घसरगाडी इथे येणार कशी?"

प्रश्न लहान मुलाचा, पण तो मोठ्यांनाच अडचणीत टाकणारा. सणाची हवाच मागे राहिली, तर त्या सणातले बरोबर काय आणायचे आणि काय सोडून द्यायचे? घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी शोधावे लागते. भिलाईच्या रशियन घरांत तर तो दोन पदरी होता. कारण त्यांचा सण गावातून गावात आला होताच, पण त्याआधी एकदा तो आपल्याच देशात जागा बदलून बसला होता.

दुर्गजवळचे 'रशियन'

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती आपले नागपूर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर राजधानी भोपाळला गेली आणि पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. धानाच्या शेतांच्या मुलखात दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभा करायचा, हे काम सोपे नव्हते. तरी अवघ्या चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

या कामासाठी सोव्हिएत तज्ज्ञ मोठ्या संख्येने भिलाईत राहिले. त्यांच्यात रशियन होते, युक्रेनियन होते, इतर प्रजासत्ताकांतलेही होते. पण गावाच्या लेखी सगळे 'रशियन'च. त्यांचे प्रमुख अभियंता वेनियामिन दिमशित्स हे पूर्वी उरलकडच्या मॅग्निटोगोर्स्कच्या पोलादनगरीत काम केलेले गृहस्थ. जानेवारीत तिथला पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा मुलखातली माणसे भिलाईत आली, जिथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. अनेकांच्या बरोबर बायका-मुलेही होती. पुरुषांचे दिवस कारखान्यात निघून जात. नवा भाजीबाजार, नवी भाषा, नवे ऊन आणि मुलांचे सणवार सांभाळायचे काम घरी असलेल्या बायकांच्या वाट्याला आले.

थंड देशातून छत्तीसगडात येणारे हे पहिलेच लोक नव्हते. १८६८ मध्ये ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी रायपूरकडे आले आणि त्यांनी बिश्रामपूरचे ठाणे वसवले. तिथल्या भूमिपुत्र ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ येतो तो धानाची कापणी उरकल्यावर, घरात नवा तांदूळ आलेला असताना. जर्मनीत नाताळ म्हणजे शेत बर्फाखाली झोपलेले; छत्तीसगडात नाताळ म्हणजे खळ्यावर रास पडलेली. सण एकच, पण दारी येण्याची वेळ केवढी वेगळी!

नाताळ गेला, झाड राहिले

भिलाईला आलेले सोव्हिएत कुटुंब २५ डिसेंबरला नाताळ करत नसे. रशियातल्या सनातनी चर्चची दिनदर्शिका आपल्या रोजच्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे चालते, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. पण क्रांतीनंतर धर्माला सरकारदरबारी थारा उरला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाताळची सुट्टी गेली आणि सजवलेल्या सूचिपर्णी झाडाकडेही जुन्या धर्माची खूण म्हणून वाकड्या नजरेने पाहिले जाऊ लागले. काही वर्षे मुलांचे झाड घराघरांतून दिसेनासे झाले.

मग २८ डिसेंबर १९३५ रोजी 'प्रावदा' या सरकारी पक्षाच्या वृत्तपत्रात पावेल पोस्तिशेव या नेत्याचे पत्र छापून आले. मुलांचा हा आनंद त्यांना परत द्यावा, असा त्याचा आशय होता. झाड परत आले, पण नाताळचे म्हणून नव्हे, तर नव्या वर्षाचे म्हणून. बेथलेहेमच्या ताऱ्याऐवजी शेंड्यावर लाल तारा आला. भेटी घेऊन येणारे 'देद मरोझ', म्हणजे थंडीचे आजोबा, नववर्षाच्या रात्री येऊ लागले. त्यांच्याबरोबर त्यांची नात 'स्नेगुरच्का', म्हणजे हिमकन्या. १ जानेवारी १९४८ पासून नववर्षाच्या पहिल्या दिवसाची सुट्टीही पुन्हा मिळू लागली.

म्हणजे बघा, सणाचे नाव बदलले, तारीख बदलली, शेंड्यावरचा ताराही बदलला. तरी झाडाखाली मुलाने कविता म्हणायची, मग आजोबांनी पोतडीतून भेट काढायची, हा क्रम घरोघर चालू राहिला. सरकारी फर्मानाने सण हलवता येतो. पण घरातल्या मुलाने आठवडाभर वाट पाहायची आणि आईने ती वाट फुकट जाऊ द्यायची नाही, हे कोणत्याही फर्मानाने ठरत नसते. भिलाईला येताना या कुटुंबांनी ट्रंकेत जे आणले, ते हेच.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि त्याच वर्षापासून रशियात ७ जानेवारीच्या नाताळला पुन्हा सुट्टी मिळू लागली. पण रशियन घरांत मोठा जेवणाचा बेत आणि मुलांच्या भेटी आजही ३१ डिसेंबरच्या रात्रीलाच असतात. एकदा घरात रुळलेली रीत पुन्हा उठून जुन्या जागी जात नाही.

सुरूची फांदी, नागपूरचे संत्रे

भिलाईच्या आसपास साल, साग, महुआ, आंबा अशी झाडे हवी तेवढी. रशियातले सूचिपर्णी झाड मात्र औषधालाही सापडायचे नाही. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवली आहे. सुरूची फांदी आणायची, डब्यात वाळू भरून ती उभी करायची आणि तिला चमकीचे कागद लटकवायचे. सुरूची पाने म्हणून दिसणाऱ्या बारीक हिरव्या काड्या लांबून सुईसारख्या दिसतात. मुलांची समजूत पटायला तेवढे पुरे असते. फांदीवर कापसाचे पुंजके टाकले की बर्फही पडला!

ताटाची गोष्ट याहून गमतीची. रशियन नववर्षाच्या जेवणात एक पदार्थ असावाच लागतो. उकडलेले बटाटे, गाजर, अंडी, मटार, खारवलेली काकडी आणि मांसाचे तुकडे मेयॉनेझमध्ये कालवायचे. १८६० च्या दशकात मॉस्कोतल्या एका उपाहारगृहाचे ल्युसियाँ ऑलिव्हिए यांनी त्याचा मूळ प्रकार काढला, म्हणून रशियात त्याला 'ऑलिव्हिए' म्हणतात. आपल्याकडच्या पाककृतींच्या पानांवर आणि हॉटेलांत तो कधीचाच येऊन बसला आहे. आपण त्याला 'रशियन सॅलड' म्हणतो. मॉस्कोत डिसेंबरमध्ये मटार मिळे तो डब्यातला. भिलाईत त्याच दिवसांत हिरवागार मटार, लालबुंद गाजर आणि नवा बटाटा बाजारात येतो. आपली हिवाळी भाजी म्हणजे त्यांच्या सॅलडची तयार यादीच.

आणि संत्री! सोव्हिएत काळात वाढलेल्या माणसाला विचारले की नववर्षाचा वास कसला, तर तो सांगेल, झाडाच्या चिकाचा आणि संत्र्याच्या सालीचा. तिथे मिळणारी छोटी संत्री काळ्या समुद्राकाठच्या अबखाझिया आणि जॉर्जियातून येत. ती डिसेंबरच्या सुमारास पिकत, म्हणून थंड शहरांत नववर्षाच्या तोंडावर दिसत आणि रांगेत उभे राहून मिळत. आईने ती जपून ठेवायची आणि भेटीच्या पुडीत एक-दोन घालायची. आता भिलाई कुठे आहे? नागपूरपासून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटर. नागपुरी संत्रेही त्याच जातीचे, सैल सालीचे, आणि त्याच्या आंबिया बहाराचा माल याच दिवसांत उतरतो. जे फळ मॉस्कोत मोजून मिळायचे, ते इथे टोपल्या भरून. बर्फ हरवला खरा, पण सणाचा वास दारात येऊन पडला!

परमुलखात आलेल्या गृहिणीने बाजारात जाऊन काय शोधावे, याचा हा एक धडाच आहे. घरच्यासारखे हुबेहूब काही मिळत नाही म्हणून ती रडत बसली, तर सण सुना जातो. घरच्या चवीच्या, घरच्या वासाच्या जवळ जाणारे इथे काय आहे, असे तिने विचारले, तर बाजार तिला काही ना काही देतोच.

अडीच तासांची रात्र

भारताचे घड्याळ मॉस्कोच्या हिवाळी घड्याळापेक्षा अडीच तास पुढे. भिलाईत रात्रीचे बारा वाजले, नवे वर्ष लागले, तेव्हा मॉस्कोत साडेनऊच झालेले. तिकडे आजी अजून बटाटे सोलत असेल, मावशी टेबलावर चादर पसरत असेल. आणि तिकडे बाराचे टोले पडायचे तेव्हा भिलाईत रात्रीचे अडीच. एका घरासाठी नवे वर्ष रात्रीतून दोनदा येणार. मधले अडीच तास कसे जात असतील, हे परदेशी मुले असलेल्या कोणत्याही आईला सांगायला नको.

त्यातून पोलाद कारखान्याला सणवार नसतो. झोतभट्टी एकदा पेटली की ती दिवसरात्र चालते. वितळलेल्या लोखंडाचे तापमान दीड हजार अंशांच्या घरात. ती धार थांबवून कुणाला घरी जेवायला जाता येत नाही. म्हणून सणाच्या रात्रीही कुणाचे ना कुणाचे वडील रात्रपाळीवर असतात, मग ते रशियन असोत, मल्याळी असोत, छत्तीसगडी असोत की मराठी. रशियन लोककथेतली हिमकन्या शेकोटीच्या ज्वाळेवरून उडी मारताना वितळून जाते. अशी ही पोर भिलाईत तर भट्टीच्याच गावी आलेली! पण सणातली नात वितळत नाही. कारण ती बर्फाची नसते. कुणाच्या तरी आईने शिवलेल्या निळ्या-पांढऱ्या झग्यातली, शेजारच्या घरातली ओळखीची मुलगी असते.

बर्फ मुळात होता कुठे?

नाताळ म्हटले की आपल्याही डोळ्यांसमोर बर्फाने झाकलेली घरे येतात. हे चित्र युरोपने दिलेले. येशूचा जन्म झाला ते बेथलेहेम डोंगराळ, मेंढपाळांच्या मुलखातले गाव. मूळ कथेत गोठा आहे, गव्हाण आहे, मेंढरे आहेत, तारा आहे. सूचिपर्णी झाड नाही आणि बर्फही नाही. सजवलेल्या झाडाची जर्मन रीत इंग्लंडच्या घराघरांत पोचली ती १८४८ मध्ये एका लंडनच्या साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यानंतर. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी काढून घेतलेल्या पहिल्या नाताळ कार्डावरही बर्फ नव्हता; होते ते एकत्र जेवायला बसलेले कुटुंब आणि गरिबाला अन्नवस्त्र देणारे हात.

आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याने जात होता, म्हणून त्याने त्या किनाऱ्याला 'नाताल' नाव दिले. तिथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. ऑस्ट्रेलियातही नाताळ उन्हाळ्यातच येतो आणि न्यूझीलंडमध्ये त्या दिवसांत लालभडक फुलणाऱ्या पोहुतुकावा या झाडालाच लोक नाताळचे झाड म्हणतात. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, १७३९ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली. पण वसईच्या गावांतला नाताळ गेला नाही. गोव्यातल्या नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच, आणि नारळाच्या रसातला गुळाचा दोदोल असतो. दारावरचा कागदी तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील यांना शेजारी टांगले, तर कोण पाहुणा आणि कोण घरचा हे सांगता येणार नाही.

मुलांचा सण, मोठ्यांची हुरहूर

गाव बदलल्यावर सणाच्या दिवशी घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात. मोठ्यांना आठवण येत असते. मुलांना सण हवा असतो. कापसाचा बर्फ फांदीवर ठेवणारी आई स्वतःच्या लहानपणचे अंगण पाहत असते. मुलाला तो कापूस पुरतो. पुढच्या वर्षी ते कापसासाठीच हट्ट धरते. त्याच्या लेखी कापूस हाच खरा बर्फ आणि सुरूची फांदी हेच खरे झाड. यात आईला थोडे दुःख होते, आणि ते खोटे नाही. मुलाच्या आठवणीत आपले गाव नाही, हे तिला त्या दिवशी कळते. पण सणाच्या दिवशी घरभर हेच दुःख वाटत बसली, "आमच्याकडे असे नव्हते" एवढेच मुलाच्या कानावर पडत राहिले, तर मूल सण शिकत नाही. आपले घर कुठेतरी कमी आहे, एवढेच शिकते.

भिलाईची गोष्ट उलट्या दिशेनेही घडली. कारखाना चालवायला शिकण्यासाठी शेकडो भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ सोव्हिएत संघात पाठवले गेले. त्यांची दिवाळी हाडे गोठवणाऱ्या थंडीत आली. पहाटेचे अभ्यंगस्नान कुठले आणि अंगणातली रांगोळी कुठली! आज न्यू जर्सीत, टोरांटोत राहणाऱ्या मराठी आया हेच करतात. खिडकीबाहेर पाने झडलेली झाडे आणि आत विजेच्या शेगडीवर चकलीचे तेल. उटणे असते, रांगोळी स्वयंपाकघराच्या फरशीवर असते. तिथल्या मुलांना ती फरशीवरची रांगोळीच रांगोळी वाटते, आणि तसे वाटण्यात काही वावगे नाही.

भिलाई तर अशा आयांचेच गाव. केरळातून, आंध्रातून, पंजाबातून, बंगालमधून, विदर्भातून माणसे आली, आणि प्रत्येकाने आपापला सण बरोबर आणला. टाउनशिपमध्ये मंदिर आहे, मशीद आहे, गुरुद्वारा आहे, चर्च आहे. गणपती बसतात, दुर्गापूजा होते, २५ डिसेंबरला घरांवर तारे लागतात. रशियन आणि भारतीय मैत्रीची आठवण म्हणून कारखान्याने १९७२ मध्ये उभारलेल्या मैत्री बागेत आजही मुलांची गर्दी असते. बागेच्या नावातली मैत्री कुणाशी, हे त्यातल्या बऱ्याच मुलांना कुणी सांगितलेले नसते.

छत्तीसगडचा स्वतःचा एक सणही याच सुमाराला येतो. पौष पौर्णिमेला, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत केव्हातरी, 'छेरछेरा' असतो. धान घरात आलेले असते. मुले टोपल्या, पिशव्या घेऊन दारोदार जातात, मोठ्याने हाक देतात आणि घरची बाई सुपातून धान आणून त्यांच्या टोपलीत घालते. त्या दिवशी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नसते. रशियाच्या खेड्यांत नाताळाच्या दिवसांत मुले अशीच घरोघर गाणी म्हणत हिंडत आणि खाऊ घेऊन परतत. दोन्ही मुलखांतल्या आजीला दुसऱ्या मुलखातल्या मुलांची ही हाक भाषा न कळताही कळली असती.

तेव्हा त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आईला फार लांब शोधावे लागले नसते. घसरगाडी बर्फावर चालते; इथे बर्फ नाही, म्हणून आजोबा चालत येतील. उशीर होईल कदाचित. तोवर दार उघडे ठेवायचे, संत्री सोलून बशीत मांडायची आणि दारी दुसरे कुणी मूल आले, तर त्याच्याही ओंजळीत दोन फोडी घालायच्या.